पानात की पानावर? खाणीलगतच्या रानवनस्पतींमधले जड धातू मोजताना

टणटणी

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले सहा जण आहोत, त्यात दोघे एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचे. पावसाळा ओसरताना नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीज खाणींच्या आसपास आपोआप उगवलेल्या झाडांचे नमुने घ्यायचं ठरतंय. कच्चा आराखडा असा:

झाडं: कुर्डू, टाकळा, रुई, आघाडा, एकदांडी, हराळी. धातू: मँगनीज, लोह, तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, क्रोमियम. ढिगाऱ्याच्या पायथ्यापासून ५० मीटर, २०० मीटर, ५०० मीटर, १ आणि २ किलोमीटर अंतरावर प्रत्येक जातीची पाच-पाच झाडं आणि त्यांच्या मुळांजवळची माती. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीजवळची हीच झाडं घेऊ, म्हणजे एक फेरी वाचेल. झाडं धुऊन वाळवायची, मिक्सरमध्ये दळायची, नायट्रिक-पर्क्लोरिक आम्लात विरघळवायची आणि फ्लेम एएएसवर (ज्योतीत फवारून धातू मोजणारं यंत्र) मोजायची.

कुठे चुकतंय ते निःसंकोच सांगा. निघण्याआधी कळलं तर उपयोग आहे.

गोंडाइट

आधी कंट्रोल बदला. बाकी सगळं नीट झालं तरी तेवढ्या एका चुकीने निष्कर्ष उलटे निघतील.

वेताळ टेकडी म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज सौसर समूहाच्या रूपांतरित खडकांत आहे. बेसाल्टमध्ये मुळातच तांबं साधारण १०० ते २०० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. आणि मँगनीज १,२०० ते १,५०० च्या घरात असतं. शिसं मात्र अगदी थोडं. त्यामुळे पुण्याची माती शेजारी ठेवून तुलना केलीत की खाणीजवळ तांबं 'कमी' आणि शिसं 'जास्त' दिसेल, आणि त्यात खाणीचा काडीचाही संबंध नसेल. फरक खडकाचा, नाव खाणीचं.

कंट्रोल त्याच खडकावर, खाणीपासून ५ ते ८ किलोमीटर लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि नाल्याच्या वरच्या अंगाला घ्या. डांबरी रस्त्यापासून किमान १०० मीटर आत. आणखी एक, त्या भागात हमखास नडणारी गोष्ट: संत्र्याच्या बागेच्या बांधावरचं काही घेऊ नका. डिंक्या रोगासाठी खोडांना बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. तिथलं तांबं खाणीचं नव्हे, बागेचं.

वेताळ टेकडी सोडू नका, पण सरावापुरती ठेवा. एका रविवारी तिथे सगळी पद्धत आधी करून पाहा: खणणं, धुणं, पिशव्यांवर नावं टाकणं. सहा जणांनी एकाच झाडाचे सहा नमुने घेऊन मोजलेत तर तुमच्या हातांमुळे आकड्यात किती फरक पडतो तेही कळेल.

(माझ्या टोपणनावाबद्दल विचारणा होते म्हणून: गोंडाइट हा त्याच पट्ट्यातला मँगनीजयुक्त खडक. फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून ते नाव १९०९ मध्ये दिलं.)

काळीमाती

गोंडाइट यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता मातीविषयी.

'मुळांजवळची माती' ही व्याख्या सहा जणांची सहा होते. ठरवून टाका: झाड मुळासकट वर काढायचं, हलक्या हाताने झटकायचं, झटकून पडते ती सैल माती वेगळी. मुळांना चिकटून राहते ती ब्रशने काढायची, तीच मुळांलगतची माती. शिवाय झाडाभोवती अर्ध्या मीटरच्या आत चार-पाच ठिकाणी ० ते १५ सेंटिमीटर खोलीची माती घेऊन एकत्र करायची, कापडावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं अर्ध्या किलोपर्यंत उतरवायचं. खणायला लोखंडी खुरपं चालेल, पण पिशवीत जाणारी माती खुरप्याला न लागलेल्या भागातून लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने घ्या. पत्र्याचं घमेलं नको, त्यावर जस्ताचा मुलामा असतो. चाळणी २ मिलिमीटरची, नायलॉन जाळीची. पितळी चाळणीने तांबं आणि जस्त दोन्ही वाढतं.

आता मुख्य मुद्दा. मातीत धातू एकूण किती आहे यावरून झाड किती घेईल हे ठरत नाही. खाणीच्या ढिगाऱ्यात ४ टक्के मँगनीज असेल, पण ते ऑक्साइडच्या खड्यात बांधलेलं असलं तर मुळाला त्याचा उपयोग नाही. म्हणून एकूण धातू आणि उपलब्ध धातू, दोन्ही मोजा. उपलब्धसाठी डीटीपीए हे धातू पकडणारं द्रव्य: एक लिटरला डीटीपीए १.९७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.४७ ग्रॅम, ट्रायइथॅनॉलअमाइन १४.९२ ग्रॅम, हायड्रोक्लोरिकने पीएच ७.३. माती १० ग्रॅम, द्रावण २० मि.लि., दोन तास हलवायचं, लगेच गाळायचं. दोन तास म्हणजे दोनच. जेवायला गेलात आणि तीन झाले तर तो नमुना बाकीच्यांशी तुलनेचा राहत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती खाणीच्या मातीतच आडवी येते. १० ग्रॅम मातीला घातलेल्या २० मि.लि. मध्ये डीटीपीए इतकंच असतं की किलोमागे १० मिलिमोल धातू पकडता येतो, म्हणजे सगळा मँगनीजच धरला तरी सुमारे ५५० मि.ग्रॅ. शिवाय लोह, तांबं आणि जस्तही त्यातच वाटा मागतात. आकडा ३००-४०० च्या वर जायला लागला की पकडणारं द्रव्यच संपत आलंय असं समजा. अशा नमुन्यांना ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, १ ला १० प्रमाणात, हेही समांतर लावा.

मँगनीजची आणखी एक खोड: माती वाळवताना विरघळणारं मँगनीज वाढतं. म्हणून सगळे नमुने सारखेच दिवस, सावलीत, सारख्याच जाडीचा थर करून वाळवा. एक पिशवी चार दिवस आणि दुसरी तीन आठवडे असं होऊ देऊ नका. आणि सखल जागी पाणी साचलं होतं का हे जागेवरच लिहून ठेवा. पाण्याखाली प्राणवायू संपला की मँगनीजचा ऑक्साइड विरघळतो आणि झाडात एकदम जास्त जातो. त्याच ढिगाऱ्याच्या उतारावर आणि पायथ्याच्या डबक्याकाठी कुर्डूचे आकडे कित्येक पटींनी वेगळे येऊ शकतात, अंतर जेमतेम वीस मीटर असूनही.

पीएच, माती-पाणी १ ला २.५ प्रमाणात, प्रत्येक नमुन्याचा. तो नसेल तर बाकीचा तक्ता वाचता येत नाही. पीएच उतरला की कॅडमियम, जस्त, मँगनीज, निकेल मोकळे होतात. आर्सेनिक आणि मॉलिब्डेनमचं बहुतेक उलटं.

निवडुंग

झाडांकडे येऊ.

कुर्डू घेताय ते फार चांगलं. आपण पावसाळी भाजी म्हणून ओळखतो ते हेच, आणि चीनमधल्या संशोधनात २०१४ मध्ये ते मँगनीजचं अतिसंचयक, म्हणजे पानात धातू प्रचंड साठवणारं झाड, म्हणून नोंदलं गेलं. कॅडमियमही ते बऱ्यापैकी उचलतं. पण आपल्याकडचा कुर्डू तसाच वागेल असं गृहीत धरू नका. एकाच जातीच्या दोन ठिकाणच्या रोपांत धातू घेण्याची क्षमता पुष्कळ वेगळी असू शकते.

अतिसंचयक हा शब्द जपून वापरा. कोरड्या पानात किलोमागे कॅडमियम १०० मि.ग्रॅ., तांबं, कोबाल्ट किंवा क्रोमियम ३००, शिसं, निकेल किंवा आर्सेनिक १,०००, जस्त ३,००० आणि मँगनीज १०,००० यांच्या वर गेलं तरच तो शब्द. तेही नैसर्गिक जागी उगवलेल्या झाडाच्या पानात. कुंडीत क्षार ओतून वाढवलेल्या, मरणपंथाला लागलेल्या रोपात नाही. न्यू कॅलेडोनियात एका झाडाचा चीक निळा-हिरवा असतो आणि वाळलेल्या चिकात सुमारे २५ टक्के निकेल असतं. हा खरा अतिसंचयक. तांब्याच्या खाणीच्या कडेला रुईच्या पानात ६० मि.ग्रॅ. तांबं सापडलं की ते अतिसंचयक होत नाही. आपल्या अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर टेरिस व्हिटाटा हे नेचं. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींत आणि दगडी सांध्यांत ते उगवतं. ते आर्सेनिक प्रचंड प्रमाणात साठवतं हे २००१ मध्ये पुढे आलं. फॉस्फेट आत घ्यायच्या वाटेनेच आर्सेनेटही मुळात शिरतं.

आता पानं. दहापट भिंगाखाली रुईचं पान पाहा. मागच्या बाजूला पांढरी लव असते आणि खाणीजवळच्या झाडात त्या लवीत काळसर भुकटी अडकलेली दिसते, शिरांच्या कडेने तर रांगोळीसारखी. ती कितीही धुतली तरी पुरती निघत नाही. टाकळ्याचं पान त्या मानाने गुळगुळीत, धूळ मुख्यतः मधल्या शिरेच्या खोबणीत. म्हणून 'रुईत शिसं जास्त, टाकळ्यात कमी' हा निष्कर्ष कित्येकदा फक्त लवीचा असतो, शोषणाचा नाही. शिसं तर मुळांमध्येच फॉस्फेट होऊन अडकतं, वर फार थोडं चढतं. पानात शिसं मुळापेक्षा जास्त आलं की आधी धुळीवर संशय घ्या.

धुण्याची रीत: तोडल्या दिवशीच, पान मलूल व्हायच्या आत. आधी नळाचं पाणी, मग ०.१ टक्का फॉस्फेटविरहित साबणाचं पाणी अर्धा मिनिट, मग डीआयनाइझ्ड पाणी तीनदा. भिजत ठेवू नका, पानातलं पोटॅशियम आणि मँगनीज पाझरून जातं. दर पाच नमुन्यांतल्या एकाचे दोन वाटे करा, एक धुतलेला, एक न धुतलेला. त्या दोहोंतला फरक हा तुमच्या अहवालातला सर्वांत प्रामाणिक आकडा असेल.

मुळांना ही काळजी दुप्पट लागते. माती झटकून, धुऊन, मग २० मिलिमोलर ईडीटीएमध्ये (हेही धातू पकडणारं द्रव्य, डायसोडियम क्षार लिटरला ७.४४ ग्रॅम) १५ मिनिटं, मग पुन्हा तीन पाणी. का ते हिशेबाने पाहा: मुळाच्या कोरड्या वजनात ५ टक्के माती राहिली आणि त्या मातीत मँगनीज ४०,००० असेल, तर मुळाच्या आकड्यात २,००० मि.ग्रॅ. फुकटचे. मुळाचा आकडा फुगला की पान भागिले मूळ हे गुणोत्तर पडतं आणि चांगलं साठवणारं झाड तुम्ही यादीतून काढून टाकता. पाणथळीतलं पाणकणीस घेतलंत तर मुळांवर तांबूस-काळा लेप दिसेल. तो लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचा असतो, ईडीटीएने जात नाही. डायथायोनाइट-सिट्रेट-बायकार्बोनेटने उतरवून त्याचा आकडा वेगळा द्या.

पान कुठलं? शेंड्याकडून मोजून तिसरं ते सहावं, पूर्ण उमललेलं, रोग नसलेलं. जुन्या पानात मँगनीज साठत जातं, कोवळ्यात कमी असतं, त्यामुळे एकाने शेंडा आणि दुसऱ्याने बूड खुडलं तर आकडे जुळणार नाहीत. ओलं किमान ५० ग्रॅम हवं, वाळून ५ ते ७ ग्रॅम उरतं. पिशव्या कागदी. बोहरी आळीत किराण्याच्या खाकी पिशव्या शेकड्याने मिळतात, त्या चालतात, पण पिन मारू नका, दोऱ्याने बांधा. वाळवणं ६५ ते ७० अंशांवर ४८ तास. पारा मोजायचा असता तर ४० च्या आत, नाहीतर उडून जातो.

प्रत्येक जातीचा एक फुलोऱ्यासकट नमुना दाबून ठेवा. ओळख पटवायला कोरेगाव रोडचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र किंवा आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहेच. शंका आली तर तिथे दाखवता येईल असं काहीतरी हाती हवं, फोटो पुरत नाही.

फ्लेम_२२८

प्रयोगशाळेचा भाग मी घेतो. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

मिक्सर नको. स्टीलच्या पात्याने क्रोमियम, निकेल, लोह वाढतं आणि मग 'पानात क्रोमियम सापडलं' असा निष्कर्ष निघतो. दगडी खलबत्ता तर मुळीच नको, तो बेसाल्टचाच. अकीकाचा खल मिळाला तर उत्तम. नसेल तर कडक वाळलेलं पान स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत हाताने चुरा आणि मग चिनीमातीच्या खलात बारीक करा. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले. पावडरमध्ये आणि रबरी बुचात जस्त असतं. उन्हापासून बचावाच्या काही क्रीममध्येही झिंक ऑक्साइड असतं, नमुने घेणाऱ्याने त्या दिवशी ते हाताला लावू नये. काचसामान १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर.

पर्क्लोरिक टाळा. सेंद्रिय पदार्थ नायट्रिकने आधी पुरता जळाला नसेल तर स्फोट होतो, आणि त्यासाठी पाण्याने धुतला जाणारा खास धूरकप्पा लागतो. साधा धूरकप्पा चालत नाही. शिवाय पर्क्लोरिकच्या धुरात क्लोराइड असलं की क्रोमियमचा काही भाग क्रोमिल क्लोराइड होऊन उडून जातो. त्यापेक्षा असं करा: पान ०.५ ग्रॅम, नायट्रिक ७ मि.लि., रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी ९० ते ९५ अंशांवर तपकिरी वाफ थांबेपर्यंत, सुमारे दोन तास. गार करून ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एकेक मि.लि. असं तीनदा. घाई केली तर फसफसून नळीबाहेर येतं आणि तो नमुना गेला. शेवटी ५० मि.लि. करून गाळायचं. हराळीसारख्या गवतात तळाशी पांढरी सिलिका उरेल, ती चालते.

मातीला मात्र नुसतं नायट्रिक पुरत नाही. मँगनीजचे ऑक्साइड विरघळायला हायड्रोक्लोरिक हवंच, तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. आणि पुढेमागे कणकवलीकडच्या क्रोमाइटच्या जागी जाणार असाल तर लक्षात ठेवा, क्रोमाइट या आम्लराजातही विरघळत नाही. तिथे सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवावं लागतं किंवा एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मोजणी.

सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या यादीतल्या दोन धातूंना फ्लेम पुरणारच नाही. कॅडमियम फ्लेमवर खात्रीने मोजता येतं ते द्रावणात ०.०१ मि.ग्रॅ./लि. च्या आसपास. ०.५ ग्रॅम पान आणि ५० मि.लि. म्हणजे शंभरपट, म्हणजे पानात १ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. साध्या पानात कॅडमियम त्याहून कमी असतं. शिशाचं तर पानात १० ते २० मि.ग्रॅ. च्या खालचं फ्लेमला धड दिसत नाही. तरीही यंत्र काहीतरी आकडा दाखवतंच, आणि लोक तो तक्त्यात भरतात. या दोघांसाठी ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस, ही फ्लेमपेक्षा कितीतरी कमी प्रमाण टिपणारी यंत्रं. बाहेरून करून घेणार असाल तर दर विचारण्याआधी 'तुमची मापनमर्यादा द्रावणात किती' हे विचारा. मँगनीजला फ्लेम मस्त, उलट दहापट पातळ करावं लागेल.

दर २० नमुन्यांमागे दोन कोरे (नमुन्याविना नुसतं आम्ल), दोन दुहेरी आणि एक प्रमाणित पानभुकटी. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची १५७३ए टोमॅटोपानं सोयीची: त्यात मँगनीज २४६, जस्त ३०.९, तांबं ४.७०, कॅडमियम १.५२ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. तुमचा आकडा याच्या ९० ते ११० टक्क्यांत आला नाही तर त्या दिवशीची अख्खी तुकडी पुन्हा.

मुठाकाठ

धागा वाचतोय, फार शिकायला मिळतंय. दोन प्रश्न. एक: श्रावणात मंडईत कुर्डू, टाकळा, घोळ येतात. वाघोली-मोशीकडच्या दगडखाणींच्या कडेला हेच सगळं भरपूर उगवतं आणि लोक खुडून नेतात. ते खावं का? दोन: पान भागिले मूळ एकापेक्षा जास्त आलं तर ते झाड लावून खाणीची जमीन साफ करता येईल ना? बऱ्याच लेखांत शेवटी तसं लिहिलेलं असतं.

काळीमाती

पहिल्याचं उत्तर. दगडखाण ही धातूची खाण नाही. क्रशरची भुकटी म्हणजे बेसाल्टच, त्यात शिसं-कॅडमियम विशेष नसतं. काळजी करायची ती रस्त्याची. पेट्रोलमधलं शिसं भारतभर २००० मध्ये बंद झालं, पण जुन्या वर्दळीच्या रस्त्यांलगतच्या मातीत ते अजून आहे, कारण शिसं खाली झिरपत नाही. तेव्हा हमरस्त्याच्या, गॅरेजच्या, भंगार-बॅटरीच्या जागेच्या आणि सांडपाण्याच्या नाल्याच्या कडेची भाजी खुडू नये. माळावरची, बांधावरची घ्यावी. भांड्यात बुडवून, पाणी बदलून तीनदा धुवावी, तळाशी गाळ बसणं थांबेपर्यंत. पानावरचं शिसं बऱ्याच अंशी त्याने जातं. कॅडमियम मात्र पानाच्या आत असतं, ते धुऊन जात नाही. माठ, तांदुळजा, चाकवत, कुर्डू ही एकाच कुळातली मंडळी कॅडमियम उचलण्यात इतरांपेक्षा पुढे असतात. त्यामुळे या भाज्यांच्या बाबतीत जागा निवडणं हाच उपाय.

आकड्यांची तुलना करताना एक चूक सर्रास होते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची पालेभाजीतली मर्यादा, कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ., ही ओल्या भाजीची आहे. तुमचा आकडा कोरड्याचा. भाजीत ८८ टक्के पाणी असेल आणि कोरड्यात कॅडमियम १.५ आलं तर ओल्यात ०.१८, मर्यादेच्या आत. थेट १.५ ची ०.२ शी तुलना करून 'साडेसातपट' असं लिहिणं म्हणजे भाजी विकणाऱ्या बाईच्या पोटावर पाय. पाण्याचं प्रमाण प्रत्येक नमुन्याचं मोजा, वाळवण्याआधी आणि नंतर वजन केलं की झालं.

दुसऱ्याचं उत्तर नुसत्या गुणोत्तराने देता येत नाही. एक हेक्टर, २० सेंटिमीटर खोल, घनता १.३ धरली तर माती २६ लाख किलो. म्हणजे मातीतला १ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. कमी करायला २.६ किलो धातू बाहेर काढावा लागतो. कॅडमियम ५ ने उतरवायचं तर १३ किलो. हेक्टरी ५ टन कोरडा पाला देणारं आणि त्यात १०० मि.ग्रॅ. कॅडमियम साठवणारं झाड, म्हणजे उत्तमातलं उत्तम, वर्षाला अर्धा किलो काढेल. २६ वर्षं. आता शिसं: ५०० ने उतरवायचं तर १,३०० किलो. १० टन पाला, त्यात ५० मि.ग्रॅ., तरी वर्षाला अर्धाच किलो. २,६०० वर्षं. मुळापेक्षा पानात दीडपट असलं तरी पानात ते किलोमागे ३० मि.ग्रॅ. च असेल तर त्या दीडपटीचा जमिनीला उपयोग शून्य.

मग काही जण मातीत ईडीटीए ओतून शिसं वर चढवतात. ते झाडात चढतं त्याहून जास्त पावसाबरोबर खाली विहिरीकडे जातं. पावसाळी प्रदेशात हे करू नये, मी स्पष्ट विरोध करते.

निवडुंग

मँगनीज, शिसं, क्रोमियमच्या ढिगाऱ्यांवर खरं काम आहे ते धातू जागच्या जागी बांधून ठेवायचं. उतारावरची माती वाहू नये, भुकटी उडू नये. त्यासाठी उलटी झाडं लागतात: मुळात रोखणारी, पानात न चढू देणारी. वाळा त्यात चांगला, दाट मुळं खोलवर जातात आणि बराच धातू तिथेच राहतो. हराळी पृष्ठभाग धरते. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची प्रेसमड (रसाचा गाळ), रायझोबियम जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी वापरून झाडं उभी केली, ते पाहण्यासारखं आहे. नुसती रोपं खोचली असती तर जगली नसती. त्या राड्यात नत्र नाही, सेंद्रिय कर्ब नाही आणि पाणी धरून राहत नाही. धातूने झाड मरतं त्याआधी ते भुकेने आणि तहानेने मरतं.

त्यामुळे टणटणी, तुमच्या तक्त्यात कमी आकडेवाल्या झाडांना खाली ढकलू नका. पानात कमी, मुळात जास्त आणि ढिगाऱ्यावर तरारून उभं, असं गवत सापडलं तर तेच सर्वांत कामाचं. आणि तिथे शेळ्या चरतात का, कोणतं झाड खातात, हेही लिहून ठेवा.

टणटणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बदल असे केले: कंट्रोल तिथल्याच खडकावर दोन ठिकाणी. वेताळ टेकडीवर येत्या रविवारी सराव. जाती सहावरून चार, प्रत्येकीची झाडं पाचाऐवजी आठ. शिसं-कॅडमियम आयसीपी-एमएसवर. मिक्सर रद्द.

निवडुंगदादा, एक अडतंय. धुऊनही रुईवर धूळ राहणार असेल तर उरलेली किती हे कसं कळणार?

फ्लेम_२२८

टायटॅनियम मोजा. झाडाला ते लागत नाही आणि आत जवळजवळ जात नाही, मातीत मात्र भरपूर. पानात टायटॅनियम आलं ते धुळीचं. उदाहरणार्थ मातीत १,५००, धुतलेल्या पानात १२, म्हणजे पानाच्या वजनात ०.८ टक्के माती. त्या मातीत मँगनीज ३०,००० असेल तर पानातले २४० मि.ग्रॅ. धुळीचे. पानाचा आकडा ७०० आला असेल तर खरं शोषण सुमारे ४६०. माती आणि पान दोन्ही एकाच आम्लात, एकाच वेळी विरघळवा. टायटॅनियमची खनिजं आम्लात अर्धवटच विरघळतात, पद्धत वेगळी झाली की हिशेब गेला.

गोंडाइट

एक सुधारणा. पानावरची धूळ म्हणजे झाडाखालची माती असेलच असं नाही. डंपरच्या रस्त्यावरून उडते ती खनिजाची भुकटी असते: मँगनीज कितीतरी जास्त, टायटॅनियम कमी. मातीचं गुणोत्तर लावलंत तर धुळीचा वाटा कमी धरला जाईल आणि शोषण फुगेल. गुणोत्तर धुळीचंच हवं.

टणटणी

ती धूळ गोळा कशी करायची? ब्रशने पुरेशी निघेल का?

निवडुंग

ब्रशने लवीतली निघत नाही. पहिल्या धुण्याचं पाणी फेकू नका. त्या पहिल्या पाण्यापुरतं नळाऐवजी डीआयनाइझ्ड पाणी घ्या, साबण न घालता. एका झाडाची वीस-पंचवीस पानं एका लिटरमध्ये खळबळा आणि आधी वाळवून वजन केलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातून गाळा. रुईच्या चिकाने कागद लवकर चोंदतो, म्हणून देठ पाण्यात बुडू देऊ नका, पानं देठाकडून धरूनच हलवा. कागदावर ०.१ ग्रॅम जमलं की पुरे. तो कागदासकट विरघळवा, शेजारी एक कोरा कागदही.

टणटणी

देठ वर धरायचा. लिहून घेतलं. रविवारी टेकडीवर रुईपासूनच सुरुवात करतो.